मामांच्या संडासातलं कारंजं

सासुरवाडीला गेल्यावर जावयानं हात फक्त जेवायला वापरावेत. हे शहाणपण मला आज आहे हो, पण तेव्हा नव्हतं! घ्या, चहा घ्या आधी, गार होईल. आणि हसायचं असेल तर मोकळेपणानं हसा. माझी आता काही हरकत राहिलेली नाही.

सत्तर सालानंतरची गोष्ट. लग्न नवंच होतं. मी साताऱ्याला सरकारी कचेरीत कालव्यांचे नकाशे काढायचो. सासुरवाडी इस्लामपूरच्या बाहेर, उसाच्या मळ्यात. सासरे फौजेतनं सुभेदार होऊन निवृत्त झालेले. तोंडानं मी त्यांना मामा म्हणायचो, पण मनातल्या मनात सॅल्यूटच ठोकायचो. ही एवढी उंची आणि ही अशी मिशी! ते 'बसा' म्हणाले की मी बसायचो आणि 'उठा' म्हणेपर्यंत उठायचो नाही. खोटं नाही सांगत, एकदा तसाच बसून राहिलो होतो आणि मामा केव्हाच मळ्यात निघून गेले होते.

तर या मामांना लढाईत जबर जखम झालेली. डावा गुडघा वाकत नव्हता आणि उजवा हात खांद्यातून मागं जात नव्हता. उकिडवं बसणं बंद. म्हणून त्यांनी पुण्याहून कमोड आणून घराला लागून असलेल्या संडासात बसवून घेतला होता. त्या भागातला पहिला कमोड! बघायला माणसं आली होती म्हणे. एका म्हाताऱ्यानं तर, "सुभेदार, ह्याच्यावर चढायचं कुठनं?" असं विचारलं होतं.

बसायची सोय झाली. पण पुढची? अहो, एका हातानं मागं तांब्या ओतायचा आणि दुसऱ्या हातानं... जाऊ दे, चहा पितोय आपण, जास्त खोलात शिरत नाही. मामांना ते जमायचं नाही. ते आतून खाकरायचे आणि मामी, म्हणजे माझ्या सासूबाई, तांब्या घेऊन आत जायच्या. ज्यांच्या एका आवाजावर अख्खी पलटण ताठ उभी राहायची, ते मामा दाराला कडी न लावता आत बसायचे.

हे मला शालननं, म्हणजे बायकोनं सांगितलं. सांगताना तिला रडू आलं. म्हणाली, "आप्पा हल्ली एका भाकरीच्या वर जेवत नाहीत. जास्त खाल्लं तर परत जावं लागेल म्हणून."

ऐकून मला फार वाईट वाटलं. मामांसाठी काहीतरी करायचंच, असं मी त्या दिवशी ठरवलं. इथपर्यंत माझं काही चुकलं का? नाही ना?

माझा एक मित्र बोटीवर नोकरीला होता. तो सुट्टीवर आला तेव्हा त्यानं मला एक खोका उघडून दाखवला. आत चकचकीत नळी, तिला एक खटका आणि दोन बोल्ट. कमोडवरच्या बैठकीखाली बोल्टांनी आवळायचं, पाण्याला जोडायचं आणि खटका दाबायचा. की खालून धार! तांब्या नको, हात नको, माणूस नको! "तिकडं ह्याला बिडे म्हणतात," तो म्हणाला. त्याच्या स्वतःच्या घरी कमोडच नव्हता, त्यामुळं त्यानं ते मला आनंदानं देऊन टाकलं.

मी ते हातात घेऊन कितीतरी वेळ बघत बसलो. माणूस चंद्रावर उतरला तेव्हासुद्धा मी इतका थक्क झालो नव्हतो. चंद्रावर उतरून मामांची काय सोय होणार होती?

शनिवारी आम्ही दोघं एसटीनं इस्लामपूरला. मामींनी खोक्यात डोकावून पाहिलं.

"ह्ये उसावर औषध मारायचं हाय व्हय?"

मी आडवळणानं समजावून सांगितलं. "अगं बया!" म्हणून त्यांनी तोंडाला पदर लावला. मग इकडंतिकडं बघत अगदी हळू आवाजात विचारलं, "म्हंजी ह्यास्नी कुणाची गरज लागायची न्हाई? मला हाक माराय नगं?"

"नाही मामी. कुणाचीच नाही."

त्यांनी ते यंत्र उचललं आणि देव्हाऱ्यापाशी नेऊन ठेवलं. तिथून उचलून ते संडासात नेताना मला जरा चमत्कारिकच वाटलं.

शालन म्हणाली, "अहो, गावातनं नळवाल्याला बोलवू या ना."

"नळवाल्याला? अगं, नकाशावर मैलच्या मैल पाणी फिरवतो मी! मला एवढीशी नळी जोडता येणार नाही?"

आता नीट ऐका. संडासात नळ नव्हता, पाणी बादलीनं टाकायचे. पण मागच्या भिंतीला चिकटून एक जाडजूड पाइप वर गेला होता. अगदी आयता! हा विहिरीवरच्या मोटारीचा पाइप. मोटारीनं ढकललेलं पाणी यातून स्वयंपाकघरावरच्या टाकीत चढायचं. टाकीतून खाली उतरणारा पाइप वेगळा, तो पार पलीकडच्या अंगाला. तिकडून पाणी आणायचं तर मधली भिंत फोडावी लागली असती. म्हटलं, विहीर तीच, पाणी तेच. चढतं काय नि उतरतं काय! दिला जोडून.

लाईट गेलेली होती. मोटार बंद. मी खटका दाबला. उभ्या पाइपात साठलेलं पाणी हळूच आलं. काय ती धार! ना कमी ना जास्त. कलशातून अभिषेकाची पडावी तशी.

मामा काठी टेकत पाहणीला आले.

"काय पोझिशन हाय?"

"सगळं तयार आहे, मामा."

"फायर करून दावा."

मी दाखवलं. मामा वाकून बघत राहिले. मिशीवरनं हात फिरवला. "लय शिस्तीत चाललंय की वो!" म्हणाले. शिस्त हा शब्द त्यांच्या तोंडून कुणाच्या वाट्याला सहजासहजी येत नसे. मला छातीवर पदक लावल्यासारखं वाटलं.

त्या संध्याकाळी मामा जेवायला बसले आणि एक भाकरी संपल्यावर त्यांनी ताट पुढं सरकवलं. "वाढा," म्हणाले. मटणाचा रस्सा, भाकरी, परत रस्सा, परत भाकरी. मामी वाढताहेत आणि शालन माझ्याकडं बघतेय. तसं तिनं त्याआधी कधी माझ्याकडं बघितलं नव्हतं आणि नंतरही, खरं सांगायचं तर, नाही.

सकाळ झाली. मामा उठले, परसाकडं निघाले. मामी सवयीनं तांब्या उचलून मागोमाग.

"तू ऱ्हा हितंच," मामा म्हणाले.

ते आत गेले. दार लागलं आणि आतून कडी घातल्याचा आवाज आला.

अहो, कडीचा आवाज तो काय! पण मामी तिथंच तांब्या धरून उभ्या राहिल्या आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. इतक्या वर्षांत ती कडी कुणी ऐकलीच नव्हती. एवढ्याशा नळीनं केवढं काम केलं होतं!

आतून आवाज आला. "आहाहा!" आणि मग खणखणीत, "जावईबापू, लय झ्याक हाय गड्या!"

गड्या! सुभेदार मला गड्या म्हणाले! माझे पाय जमिनीवर राहिले नाहीत.

तेवढ्यात पडवीतला दिवा लागला. माजघरात रेडिओवर भजन सुरू झालं.

"वा, लाईट आली!" मी म्हणालो. हो, मीच म्हणालो. आनंदानं म्हणालो!

आता त्या काळी त्या भागात काय चालायचं, तर लाईट येणार तिच्या मर्जीनं. तिची वाट बघत विहिरीवर कोण बसून राहणार? म्हणून शेतकरी स्टार्टरचं हिरवं बटण दाबून त्यात बाभळीची काडी खोचून ठेवायचे. लाईट आली की मोटार आपोआप सुरू. घरोघरी हीच तऱ्हा. मामांनी स्वतःच्या हातानं आदल्या दिवशी काडी खोचलेली. साताऱ्यात कचेरीत बसून निळ्या शाईनं पाणी काढणाऱ्याला ही काडी कुठून ठाऊक असणार?

विहिरीवर मोटार घुर्र करून उठली. पाच हॉर्सपॉवरची! भिंतीवरचा पाइप थरथरला.

आणि मामांनी आतून आरोळी ठोकली. शत्रूवर धावून जातानासुद्धा त्यांनी अशी ठोकली नसेल. पाठोपाठ संडासावरचा पत्रा ताशा वाजवल्यासारखा कडाडायला लागला. झरोक्यातून पाण्याचा लोट निघाला तो थेट पेरूच्या झाडावर.

"बंद करा! बंद करा ह्ये!"

"मामा, खटका वर करा!"

"कसला वर करतोय! खटका माज्या हातात हाय!"

मोडून हातात आला होता हो!

"मामा, कडी काढा, बाहेर या!"

"आदी त्वाफ बंद करा तुमची!"

आता मला सांगा, अशा वेळी माणसानं काय करावं? मोटार बंद करावी. लहान पोरालाही कळेल. पण मी पडलो पाण्याचा जाणकार. पाइपावर, जरा वरच्या अंगाला, एक लोखंडी चाक दिसलं. बंद करायचं चाक! मी झेप घेतली आणि गरागरा फिरवून घट्ट आवळून टाकलं.

ते चाक टाकीकडं जाणाऱ्या पाण्याचं होतं. तोवर बरंचसं पाणी बिचारं वर टाकीत जात होतं. मी तीही वाट बंद केली. आता पाचच्या पाच घोडे संडासात!

पत्र्याचे खिळे निघाले. एक पत्रा उचलला गेला आणि त्या फटीतून पाणी सरळ आभाळात उठलं. परसातल्या नारळाच्या वर! सकाळचं कोवळं ऊन, त्यात ते पांढरंशुभ्र कारंजं, आणि देवाशपथ सांगतो, त्यात इंद्रधनुष्य. मला पळायला हवं होतं, ओरडायला हवं होतं. पण मी तोंड उघडं टाकून बघत राहिलो. पाण्यात एवढा जीव असतो हे मला कोणत्या नकाशात दिसलं होतं? सासरे आत आहेत हेसुद्धा क्षणभर विसरलो.

बांधावरून ऊसतोडीची माणसं धावत आली. "सुभेदारांच्या परसात झरा फुटला रं!" एक जण ओरडला. एका म्हातारीनं लांबूनच हात जोडले. दुसरी म्हणाली, "बया, गंगा आली जणू!" आणि गंगेच्या पोटातून मामांचा आवाज येत होता, "आरं, कुणी हाय का न्हाई तितं?"

शेवटी शालननं पदर खोचला, विहिरीकडं पळत सुटली, काडी उपसून फेकली आणि लाल बटण दाबलं.

मोटार थांबली. कारंजं खाली आलं. नुसती पत्र्यावरून टपटप.

मग कडी निघाली. दार उघडलं. मामा उभे. नखशिखांत भिजलेले, मिशीची दोन्ही टोकं खाली लोंबताहेत, मुठीत मोडका खटका. एवढी माणसं जमली होती, पण एकाचीही हसायची छाती झाली नाही. मामा सावकाश चालत माझ्यासमोर आले. आता माझं कोर्टमार्शल होणार, शालनला माहेरी ठेवून घेणार, मी एकटाच एसटीनं साताऱ्याला परत जाणार, हे सगळं मला स्वच्छ दिसायला लागलं.

"मामा, मी... माझी..."

मामांनी मान वर करून उचकटलेल्या पत्र्याकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग विहिरीकडं पाहिलं.

"इतकी वर्सं ही मोटार माज्या उसाला पाणी पाजतीया," ते हळूच म्हणाले. "ऊस येवढा उंच का जातोय, त्ये आज कळलं."

मामी टॉवेल घेऊन, त्यांना धरायला पुढं झाल्या. मामांनी हात आडवा केला.

"ऱ्हाऊ दे. कडी मी लावली, मीच काढली. कुणाला बलवाय लागलं न्हाई."

आणि काठीशिवाय, पाय ओढत, एकटेच घरात गेले. तिथं मात्र मला रडू फुटलं. फजितीचं नव्हे हो. आता ते कशाचं होतं हे तुम्हाला सांगायला नको.

दुसऱ्या दिवशी गावातून नळवाला आला. भिंत फोडून त्यानं टाकीतून उतरणारं पाणी आणलं आणि नवा खटका बसवला. तेव्हापासून ते यंत्र शिस्तीत चाललं. मामा रोज आतून कडी लावायचे आणि पोटभर जेवायचे. आल्यागेल्याला सांगायचे, "आमच्या जावयानं आणलंय." मामींना पुन्हा कधी तांब्या घेऊन उभं राहावं लागलं नाही.

मग तुम्ही म्हणाल, सगळं गोडच झालं की! ऐका पुढं.

दिवाळीला आम्ही परत गेलो. मी अंगणात चपला काढतोय तोवर मामा उठले, विहिरीवर गेले, मोटारीचा फ्यूज उपसून आणला, बंडीच्या खिशात टाकला आणि वरून बटण लावलं. मी घरात असेपर्यंत फ्यूज खिशातच. टाकीला पाणी शेंदून. मी हात बांधून बसलो तरी भरवसा नाही!

आणि आमच्या मामी! दरवेळी मी निघालो की माझी पिशवी लपवून ठेवायच्या, 'आजून चार दिस ऱ्हावा की' म्हणून डोळ्यांत पाणी आणायच्या. त्या मामींनी तिसऱ्या दिवशी माझ्या हातात चहाची कपबशी दिली, दारातून मळ्याकडं एक नजर टाकली, एक माझ्याकडं टाकली आणि फार मायेनं विचारलं,

"जावईबापू, तुमची गाडी कवाची हाय वो? न्हाई, ऊस वाळाय लागलाय."