विंझरचा बांधलेला कुत्रा

विंझरच्या शाळेत माझी नेमणूक झाली तेव्हा मी एका शेतकऱ्याच्या घरातली पुढची खोली भाड्यानं घेतली. गोठ्यापाशी त्यांचा कुत्रा बैलाच्या साखळीला बांधलेला असे. साखळी इतकी आखूड की त्याला धड वळताही येत नसे. एकदा त्यानं शेजाऱ्याची शेळी फाडली होती, तेव्हापासून तो कधी सुटलाच नव्हता. रात्रभर भुंकायचा. सकाळी वर्गात उभी राहिले की माझे डोळे मिटत.

गुरांना लस टोचायला सरकारी डॉक्टर आले, तेव्हा मी त्यांना कुत्रा दाखवला. ते घरमालकांना म्हणाले, "आता कायदा झालाय. कुत्रा असा आखूड साखळीला कायम बांधून ठेवणं, कधीच न फिरवणं, हा गुन्हा आहे."

"व्हय का," मालक म्हणाले. "आमी दिसभर रानात असतो. ज्यांची झोप मोडती त्यांनीच फिरवावा."

डॉक्टर हसले आणि सायकलवर बसून गेले.

काम माझ्या गळ्यात पडलं. शाळा सुटेपर्यंत पाय भरून आलेले असत, तरी दोरी धरून ओढ्यापर्यंत जायचं. तो असा ओढायचा की खांद्याला हिसके बसत. पण फिरून आला की रात्री झोपायचा, म्हणून मलाही झोप मिळे.

एके दिवशी मालकीणबाई मागोमाग आल्या. शाळेच्या बाईंना एकटीला तो आवरत नाही, असं त्यांनी घरात सांगितलं होतं. ओढ्यावर दगडावर बसून त्यांनी पाण्यात पाय सोडले. मग रोज येऊ लागल्या. लग्न होऊन आल्यापासून अशी कुठं बसले न्हाई, असं एकदा म्हणाल्या. जास्त बोलायची ताकद दोघींनाही नसे.

पुढं माझी बदली किकवीला झाली. काही वर्षांनी त्या भोरच्या बाजारात भेटल्या. मी कुत्र्याचं विचारलं.

"म्हातारा हून गेला. तुमी गेल्यावर म्याच फिरवायची त्याला. कायदा हाय म्हनलं की कुनी आडवायचं न्हाई."

"आणि आता, वहिनी?"

"आता कुठं जायाचं, बाई. दुसरं कुत्रं आना म्हनलं, तर नगं म्हनत्यात."

त्यांनी जड पिशवी या हातातून त्या हातात घेतली. विंझरवरून जाणारी वेल्ह्याची एसटी लागली होती. बसायला जागा मिळावी म्हणून त्या लगबगीनं निघाल्या.