आईचं इंग्रजी

माझी आई चंद्रावती सातवीपर्यंत शिकली आणि पुढची पंचवीस वर्षं मालवणच्या बाजारात मासे विकत बसली. तिला इंग्रजी आलं ते माझ्या परीक्षेमुळे. आठवीत आम्हाला इंग्रजी वाक्प्रचार पाठ करायला असायचे. बाजारातून आली की हात धुऊन ती गाइड मांडीवर घ्यायची, मराठी अर्थ वाचायची आणि मी त्याचा इंग्रजी वाक्प्रचार सांगायचे. ती म्हणायची ‘अगदी सोपं काम’, मी म्हणायचे ‘अ पीस ऑफ केक’.

“केक खंय सोपो गो? माका तर करूक येणा नाय.”

‘काणाडोळा करणे’ म्हणजे ‘टु टर्न अ ब्लाइंड आय’, हे मात्र तिला लगेच पटलं. बाजारात रोज तेच चालतं म्हणाली. परीक्षा संपली तशी मी सगळं विसरले. तिच्या ते डोक्यात राहिलं.

बाबा गेल्यावर तिने त्यांची होडी विकली, तारकर्लीच्या घरावर चार खोल्या चढवल्या आणि पर्यटक ठेवायला लागली. आलेल्या प्रत्येकाशी इंग्रजी बोलायची. तुटकं, चुकीचं, पण बेधडक. कुणी नवा वाक्प्रचार बोलला की अर्थ विचारून वहीत उतरवून घ्यायची. लोकांना कौतुक वाटायचं. मला लाज वाटायची. पुण्याला नोकरी लागल्यावर तर जास्तच.

ऑफिसात मी ‘आमचं तारकर्लीला रिसॉर्ट आहे’ अशी थाप मारून ठेवली होती. दोन वर्षांपूर्वी ती अंगाशी आली. माझ्या साहेब विनीता मॅडम आणि चारजण माझ्यासोबत राहायला निघाले. गाडीतून उतरतोय तोच साडीचा पदर खोचलेली आई शहाळ्यांचा ट्रे घेऊन समोर आली.

“वेलकम, वेलकम! बिग ऑफिसर्स कम हिअर वन्स इन अ ब्लू मून!”

‘क्वचितच’साठीचा वाक्प्रचार तिने अचूक वापरला होता. सगळे हसले. कुचेष्टेने नव्हे, खरं तर आवडूनच. विनीता मॅडमनी मला इंग्रजीत विचारलं, या कोण?

“शी कुक्स हिअर,” मी म्हटलं.

खोटं नव्हतंच म्हणा. स्वयंपाक तीच करते. असली चलाखी मला बरी सुचते! तिला हे इंग्रजी कळणार नाही असं वाटलं होतं, असं मी नंतर स्वतःला पुष्कळदा सांगून बघितलं. पण ती माझ्यापासून दोन हातांवर होती आणि तिला कळणार हे मला पक्कं माहीत होतं.

आईने ट्रे खाली ठेवला आणि माझ्याकडे बघितलं.

“मॅडम, तुमची खोली वर आहे. काही लागलं तर सांगा.”

जन्मात माझ्याशी मालवणीशिवाय न बोललेली माझी आई मला ‘मॅडम’ म्हणत शुद्ध मराठीत बोलत होती, कचेरीत साहेबाशी बोलतात तसं. दोन दिवस तिने ते निभावलं. सुरमई वाढताना मलाही ‘आणखी घ्या ना’ म्हणायची. मी घेत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे समुद्रावर गेल्यावर मी माफी मागायला स्वयंपाकघरात गेले. “आये,” एवढंच तोंडातून निघालं.

“हंय कित्याक इलंस? तुजी माणसां येतीत आत्ता. जा गो.”

रागावली असती तर बरं वाटलं असतं. ती मला सांभाळून घेत होती.

निघताना विनीता मॅडमनी तिचे हात हातात घेतले. “मावशी, इतकं प्रेमाने केलंत सगळं! तुम्हाला मुलं आहेत?”

“एक मुलगी आहे. पुण्याला असते,” आई म्हणाली. माझ्याकडे तिने बघितलंसुद्धा नाही. मग चारचौघांत तिची शुद्ध मराठी पहिल्यांदाच सुटली. “बरा आसा माजा चेडू. माज्यार लय जीव तेचो.”

मॅडमना ते नीटसं कळलं नाही. त्यांनी अर्थ विचारायला माझ्याकडे मान वळवली. तेव्हा तरी खरं सांगायचं होतं. “मुलगी चांगली आहे म्हणतायत,” मी म्हटलं. तिचा माझ्यावर फार जीव आहे, हे पुढचं गाळलं आणि गाडीत जाऊन बसले.

ऑफिसात अजून कुणाला माहीत नाही.