भेस्तानच्या मावशींची पोर

ज्या सोमवारी कंपवातावर औषध शोधणाऱ्या एका प्रयोगशाळेचा सरकारी निधी थांबला, त्याच सोमवारी भेस्तानच्या आमच्या गल्लीतल्या मावशींवर अन्याय झाला. शास्त्रज्ञांना निदान मेल आला. मावशींना कुणी काही कळवलं नाही.

"मनी पोर कशी शे?" माझी पोर कशी आहे, मला पाहिलं की त्यांचा पहिला प्रश्न हाच. ऐकणाऱ्याला वाटे, लेक सासरी दिलीय. लेक नव्हतीच. दंडावरचा मसुराएवढा कातडीचा तुकडा त्यांनी माझ्यामार्फत पार्किन्सनच्या, म्हणजे त्यांच्याच कंपवाताच्या, संशोधनाला दिला होता. प्रयोगशाळेत त्याच्या पेशी वाढवल्या, हे कळल्यापासून ती 'पोर' झाली.

तुम्हीही पाहिल्या असतील अशा बायका, दारात बसून साड्यांना टिकल्या चिकटवणाऱ्या. मावशींचा हात थरथरायला लागला आणि फुलातली टिकली पानावर बसायला लागली. "शेठला सांग, फॅशन बदलली," म्हणायच्या. शेठने काम देणं बंद केलं.

शास्त्रज्ञ बाई घरी येऊन समजावून गेल्या होत्या. पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियात बिघाड होतो. तो दुरुस्त करणारं औषध शोधायचंय. मावशी म्हणाल्या, "म्हणजे पावर जातो म्हना की! कारखान्यात पावर गेला तर शेठ जनरेटर लावतो. इथं शेठ कोन?"

"सरकार," मी म्हटलं.

"मग झालं कल्यान!"

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गल्लीतल्या लेकी माहेरी आल्या, झोके बांधले. मावशींनी विचारलं, "तिकडून काही निरोप?" मी सरळ सांगितलं. पैसा बंद झालाय. पेशी गोठवून ठेवल्यात. काम थांबलंय.

मावशींनी झोक्यावरच्या लेकींकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "नांदवत नसतील तर तिले वापस लई ये. दुसरीकडे देऊ. मी काय टाकून दिली नाही तिला."

मी प्रयोगशाळेत गेले. शास्त्रज्ञ बाई स्वतःचंच टेबल आवरत होत्या. "दुसरी प्रयोगशाळा घेईल हो," त्या म्हणाल्या, "पण तिथंही निधी लागेलच ना."

पुढे आजार वाढला, मावशींना घास गिळवेना. दिवाळीआधी त्या गेल्या. पेशी अजून तिथंच गोठलेल्या आहेत.

पत्रकं वाटून मी थकलेय. साहेबांच्या दाराबाहेर बसून, 'बघू' ऐकून थकलेय. तुमची हळहळ मला नको. तुमच्या खासदाराकडे जा. या संशोधनाचा निधी का थांबवला आणि पुन्हा कधी देणार, ते तोंडावर विचारा. 'बघू' म्हणाले, तर खुर्चीवरून उठू नका.