मागितला की द्यायचा पंप

भवानीनगरला साखर कारखान्याच्या गेटसमोर चहाच्या टपरीवर आम्हा निवृत्तांची बैठक असते. तिथला एकच कायदा: तंबाखू मागितली की नाही म्हणायचं नाही.

माझी फुप्फुसं खराब झाल्यावर बारामतीच्या डॉक्टरांनी सकाळ-संध्याकाळ ओढायचा पंप दिला. तो मी पेनासारखा खिशाला मिरवू लागलो. ओढत मात्र नव्हतो. दम लागला तरच औषध, असा माझा सिद्धांत. रोज घेतलं की सवय लागते, हा त्याचा पोटसिद्धांत. बिडीची सवय लावून घेताना असलं काही सुचलं नव्हतं.

गाळप सुरू झालं, धुराड्याची काजळी चहाच्या कपात उतरू लागली आणि आबा खोकू लागले. आबा माझे जुने सहकारी.

"तात्या, काढ की जरा तुझी ती चंची."

मी पंप दिला. त्यांनी बिडीसारखा झुरका मारला, डोळे मिटले. "मोकळं वाटतंय गड्या."

मग बाकीचेही हात पुढे आले. मी कर्णासारखा वाटत सुटलो.

तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टरांनी पंप हलवून पाहिला. रिकामा. "वा काका, नेमानं घेता. फार कमी लोक घेतात."

मी नम्रपणे मान खाली घातली. बायको शेजारी बसून खिडकीबाहेर बघत होती.

मग त्यांनी मला नळीत फुंकायला लावलं, बोटाला चिमटा लावला आणि कपाळाला आठी घातली. "इतकं नियमित घेऊनही छाती खालावलीय. म्हणजे पंप पुरत नाही. घरी ऑक्सिजनचं मशीन लावायचा विचार करावा लागेल. दिवसातले बरेच तास नळी नाकाला."

ती नळी आमच्या खाटेपासून टपरीपर्यंत पोचणार नव्हती, एवढं गणित मला येत होतं.

"बोला की आता," बायको म्हणाली. मी खाकरलो. तेवढा उशीरही तिला सोसला नाही. "शेजारीण वाटीभर साखर मागाया आली तर कुरकुरत्यात, डॉक्टर. अन् गेटवर पंप वाटत्यात."

डॉक्टरांनी नव्या पंपाची चिठ्ठी लिहिली. मग म्हणाले, "महिनाभर खरंच घ्या. एकट्यानं. मशीनचं नंतर ठरवू."

घेतला. ओढून झाला की, औषध तोंडात राहू नये म्हणून, टपरीमागं जाऊन गुळण्या करायचो. आबांनी हात पुढे केला.

"न्हाय आबा. तुमचा तुमी आणा."

एवढ्या वर्षांत त्या टपरीवर पहिल्यांदा कुणी नाही म्हटलं होतं. आबांनी चहा अर्धा ठेवला. दोन-तीन दिवस फिरकले नाहीत.

महिन्यानं बारामतीच्या एसटीत बसलो, तर आबा शेजारी येऊन टेकले. इस्त्रीचा सदरा, हातात पिशवी. वाटेतल्या पिंपळी गावापर्यंत नुसते खोकत होते.

"नळीत फुकाया लावत्यात म्हणं?"

"व्हय."

"आधी तू फुक," आबा म्हणाले. "मी बघतो."