आत्याने गवतावर राग काढला, म्हणे

माझ्या आत्याने रागाच्या भरात गोल्फच्या मैदानाचा सातवा पट्टा उडवला, असं अख्खा क्लब सांगतो. मैदानाला पाणी सोडणाऱ्या पंपवाल्याच्या तोंडून ऐकाल तर ती गवत कापायच्या यंत्रावर उभी राहून आरोळ्या ठोकत होती. साफ खोटं. ते यंत्र उभं राहून चालतच नाही. सीटवरून बूड उचललं की बंद पडतं. आणि त्या सकाळी तिला राग नव्हताच. तो नंतर आला, आणि आगाऊ पाहुण्यासारखा अजून मुक्काम ठोकून आहे.

झालं असं, की मोठी स्पर्धा ठरली आणि मैदान सुधारायला बाहेरून एक तज्ज्ञ आणले. त्यांचं नाव आम्ही कसोटीसाहेब ठेवलं. "कसोटी पाहिजे, कसोटी! खेळणाऱ्याला घाम फुटला पाहिजे!" त्यांची नक्कल मी अजून करते: हे नाकातून म्हणायचं, आणि 'घाम' आला की टाचा उचलायच्या. त्यांनी फेअरवे, म्हणजे मधला कापलेला गुळगुळीत पट्टा, दोन्हीकडून आत घेतला. पांढरी रेघ मारली. रेघेबाहेरचं गवत वाढू द्यायचं, पार घोट्याच्या वर. म्हातारे सभासद त्यात चेंडू हुडकत पिल्लं हरवलेल्या मांजरीसारखे फिरायला लागले.

"चांगल्या अंगणाची बोळ केली मेल्यांनी," आत्या म्हणाली. वर्षानुवर्षं तो पट्टा तीच कापत आलेली. पण बोलली तरी रेघ सोडली नाही.

मग एके सकाळी हात जुन्या वळणाने गेला. नेहमीसारखा वाकड्या झाडाला वळसा घातला, आणि मागे वळून बघते तर डावीकडचं वाढवलेलं सगळं गवत भुईसपाट!

मॅनेजरने बोलावलं. हा माणूस 'मी काय म्हणतो'शिवाय तोंड उघडत नाही.

"मी काय म्हणतो, ताई, रागाने झालं म्हणून टाका. समितीची माफी मागा, विषय संपला. चुकून म्हणालात तर मी काय म्हणतो, ते विचारतील, अशा बाईच्या हातात यंत्र कशाला?"

"चुकून झालं."

"अहो, पण तुमचा राग आम्ही समजू शकतो!"

"गवतावर राग काढायला मी काय शेळी आहे?"

बाहेर पंपवाला आणि मंडळी टाळ्या पिटत उभी. "वाघीण आहात! जिरवलीत त्यांची!"

तेव्हा मात्र ती खरोखर पेटली. "कसल्या टाळ्या रे? माझ्या हाताने वाढवलेलं गवत मी मुद्दाम नासवीन? तो मॅनेजर परवडला, तो निदान तोंडावर शिव्या घालतो. तुम्ही शिव्या घालून वर हार घालताय!"

समितीपुढेही ती 'चुकून'च म्हणाली. यंत्राची किल्ली काढून घेतली, हातात दाताळं दिलं. वाळूचे खड्डे, म्हणजे बंकर, ओढत बस.

"अगं, एक शब्द तर म्हणायचा होता," बाबा म्हणाले.

"तूच म्हण. तुझ्या तोंडात शब्द स्वस्त आहेत." त्या दिवशी भांडी घासली नाहीत, आपटली.

स्पर्धेपर्यंत सातव्यावरचं गवत काही वाढलं नाही. नाइलाजाने रेघच डावीकडे सरकवली. आणि गंमत बघा, पहिल्याच दिवशी पाहुण्यांना सगळ्यात आवडला तो सातवा! कसोटीसाहेब माईकवर, टाचा वर: "डावी बाजू मी मुद्दाम मोकळी ठेवली. मोह, मोह हीच खरी कसोटी!"

आम्ही दोघी दोरीमागे उभ्या होतो. आत्याच्या मानेची शीर टरारली. "ऐकलंस? मी केलं तर मस्ती, याने केलं तर डोकं!"

संध्याकाळी मॅनेजर अवजारांच्या खोलीत आला. "मी काय म्हणतो, ताई, समिती खूश आहे. साहेबांनी सांगितलं म्हणून कापलं, एवढंच म्हणा. उद्यापासून यंत्र तुमचं."

आत्या दाताळ्याची वाळू झटकत राहिली. "सकाळी सांगते."

'सकाळी सांगते' म्हणजे होच, मी ताडलं. रात्री तर तिने यंत्राच्या सीटवरची जुनी उशी उन्हात टाकायला काढून ठेवली. "आत्या, उद्या तू हो म्हणणार. पैज!"

"लाव. हरलीस तर माझी नक्कल करायची. पण दाताळ्यासकट. सातव्याच्या बंकरात."

सकाळी मॅनेजर किल्ली बोटावर फिरवत हजर. आत्याने किल्लीकडे पाहिलं. मग हात कपड्यांना पुसले, अगदी घ्यायला पुसतात तसे. मी मनातल्या मनात जिंकले.

"चुकून झालं," ती म्हणाली. "रागाने नाही, आणि त्या टाचवाल्याने सांगितलं म्हणूनही नाही."

आणि पुसलेल्या हाताने दाताळं उचलून माझ्यापुढे धरलं. "धर. कमरेत वाकायचं नाही. नक्कल करतेस ना, मग मी ओढते तस्सं ओढ."