पाटलांची दाढी

"लाव बाबा, तुझी दाढी लाव."

खुर्चीत बसलं की पाटील हनुवटी वर करून एवढंच म्हणायचे आणि डोळे मिटून घ्यायचे. दाढी माझी नव्हती, सिरियलवाल्यांची होती. पण चिकटवणारा मी, म्हणून तिचं सगळं पाप माझ्या नावावर.

बारामतीत माझं रंगभूषेचं आणि भाड्यानं कपडे देण्याचं दुकान आहे. शाळांच्या गॅदरिंगला मावळे, पऱ्या आणि झाडं पुरवतो. हो, झाडंसुद्धा, हिरव्या कापडाची. अलीकडं आपल्या भागात सिरियलवाले फार यायला लागलेत. ऊस हवा, कालवा हवा, कौलारू घर हवं, की आले इंदापूर तालुक्यात. त्यांचा मेकअपवाला मोठ्या नटांना हात लावतो आणि उरलेल्या तोंडांसाठी मला बोलावतो. पाटील या उरलेल्यांतले.

तर पाटील हे पाटील नव्हतेच. शेळगावचे मुसलमान, एसटीत कंडक्टर. गावच्या जत्रेत दरवर्षी नाटक बसतं. त्यात गावचा पाटील यांनी ऐन विशीत केला आणि तो पुन्हा कुणाच्या वाट्याला आला नाही. स्टेजवर येऊन नुसतं घसा खाकरले तरी बायका पदर सावरायच्या. पुढं गाव त्यांना पाटीलच म्हणायला लागलं. गावचे खरे पाटील पारावरून हाक मारायचे, "या पाटील." हे म्हणायचे, "रामराम पाटील." नवा माणूस दोघांकडं बघत बसायचा. गावात मात्र कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

बारामती-इंदापूर गाडीनं तुम्ही गेला असाल, तर हा आवाज तुमच्या कानावर पडलेला असणार. "निमगाव! उतरा, ज्येचं सासर असंल त्येनी हळू उतरा!" एखादी मावशी शेजारच्या सीटवर पिशवी ठेवून बसली की म्हणायचे, "पिशवी मांडीवर घ्या मावशी, तिचं तिकीट न्हाय काढल्यालं." सगळी गाडी हसायची आणि मावशीही हसत पिशवी उचलायची. रोज गाल घोटून दाढी करणारा माणूस, आणि वर ही भरघोस मिशी. जत्रेतल्या नाटकाची रंगभूषा माझ्याकडं आली, त्या पहिल्याच वर्षी मी माझा मिशांचा डबा घेऊन गेलो, तर मला म्हणाले, "ही घरची हाय. आमी भाड्यानं घेत न्हाय."

मग ते सिरियलवाले आले. त्यांना थोड्या प्रसंगांपुरता एक सरपंच हवा होता, चेहरा इथलाच हवा होता. त्यांच्या सहायकानं पारावर चौकशी केली, मी सोबत होतोच. पारावरच्यांनी एकमतानं बोट दाखवलं, पाटलांना घ्या. ड्यूटी संपवून आलेले पाटील खाकी कपड्यांतच उभे राहिले आणि जत्रेतल्या नाटकातली दोन वाक्यं म्हणाले. दिग्दर्शक खुर्चीतून उठून आला. म्हणाला, हाच माझा सरपंच. चहा आला, फोटो निघाले, पारावरची माणसं आपलीच निवड झाल्यासारखी खूश.

शेवटी सहायकानं विचारलं, "काका, पूर्ण नाव काय तुमचं?"

पाटलांनी नाव सांगितलं.

"म्हणजे?"

"म्हंजी तेच," पाटील म्हणाले.

दोघं बाजूला जाऊन कुजबुजले. दिग्दर्शक परत आला तो चेहऱ्यावर साखर घेऊनच. काका, तुमच्यासाठी याहून भारी रोल आहे, म्हणाला. माझ्या धंद्यात 'भारी' हा शब्द ऐकला की मी खिशातल्या पाकिटावरचा हात काढत नाही. भारी रोल होता चाचाचा. लांब दाढी, मिशी साफ, जाळीची टोपी, डोळ्यांत सुरमा, चौकड्याची लुंगी, गळ्यात ताईत. यातली एकही वस्तू पाटलांच्या घरात शोधून सापडली नसती. टोपी तेवढी होती, ईदेला घालायची.

पाटलांनी शांतपणे विचारलं, सरपंच का नको? दिग्दर्शक म्हणाला, "काका, लोकांना पटायला हवं ना."

"आमच्या गावाला पटतंय की."

यावर तो गोड हसला. गावाचं काय, गाव काही टीआरपी देत नाही.

मी पाटलांना बाजूला घेऊन म्हणालो, सोडा हो, मिशी उतरवायची काय गरज? ते म्हणाले, आई हाय ना. म्हातारीचे गुडघे गेले होते. जत्रेच्या स्टेजपर्यंत यायचं तिनं कधीच सोडलं होतं. "लई वर्सं झाली तिनं माझं काम बघून," पाटील म्हणाले. "टीव्ही तिच्या खाटंसमोरच हाय." मग मीच वस्तरा घेतला. त्या दिवशी ते दिवसभर वरच्या ओठावरून बोट फिरवत होते.

आता भाषेचं ऐका. कागदावर चाचाला लिहून दिलेलं बोलणं असं: "हम गरीब आदमी है दादा, हमको माफ करना रे बाबा." पाटलांनी वाचलं आणि विचारलं, हे कोण बोलतं? आमच्या सोलापूरच्या पाव्हण्यांत दखनी बोलतात, तीही ही नव्हं. सहायक म्हणाला, काका, प्रेक्षकांना याची सवय आहे. पाटील बोलले बिचारे. शेळगावात जन्म गेलेला माणूस, ज्याच्या मराठीवर अख्खी गाडी हसायची नि गप्प बसायची, तो कॅमेऱ्यासमोर मोडकंतोडकं बोलू लागला. पहिला भाग लागला तेव्हा आईनं विचारलं, "असं का रं बोलतुयास? पिऊन गेला हुतास का?" पाटलांनी हे मला हसत सांगितलं. मीही हसलो. संतापही आला, पण कुणावर काढणार?

गोंदानं त्यांची हनुवटी लाल व्हायची. दाढी ओढून काढली की बारीक पुरळ उठायचं आणि दुसऱ्या दिवशी ड्यूटीवर लोक विचारायचे, पाटील, काय चावलं? ते म्हणायचे, "चाचा चावला." तक्रार म्हणाल तर एवढीच. खुर्चीत बसले की पुन्हा तेच, लाव बाबा.

एक प्रसंग मात्र त्यांनी मागून घेतला. चाचाच्या मुलीचं लग्न ठरलंय आणि तो नायकाच्या बापाला आमंत्रण द्यायला जातो, असा प्रसंग होता. ऊन उतरत चाललं होतं, सगळ्यांची घाई. पाटील दिग्दर्शकाला म्हणाले, हा एक डाव माझ्या बोलीत बोलू द्या. त्याला उजेडाची काळजी. म्हणाला, बोला काका, हवं तसं बोला, पण लवकर.

पाटील ओसरीच्या पायरीवर उभे राहिले. टोपी काढून हातात घेतली, ते कुणी सांगितलं नव्हतं. आणि म्हणाले, "दादा, पोरीचं लगीन धरलंय. तुमी मांडवात उभं ऱ्हायल्याबिगर मी कुनाच्या पानात वाढायचो न्हाय."

बस, एवढंच. आपल्या पोरीच्या लग्नात ते खऱ्या पाटलांच्या दारात हेच बोलले होते, मला माहीत होतं. लाइटवाले, चहावाले, सगळे जागच्या जागी थांबले. समोरचा नट पुण्याचा, चांगला नावाजलेला, तो आपलं वाक्य विसरून नुसता मान हलवत राहिला. दिग्दर्शक म्हणाला, ओके, वा काका. दाढी काढून घेताना पाटलांनी पहिल्यांदाच डोळे उघडे ठेवले. मला म्हणाले, "एवढं आईला दावायचं हाय."

तो भाग लागायचा त्या संध्याकाळी मी पेढे घेऊन शेळगावला गेलो. खोलीत शेजारीपाजारी दाटून बसलेले, खरे पाटील खुर्चीवर, म्हातारी खाटेवर उशाला टेकून. प्रसंग आला. पायरी आली, टोपी हातात आली. पाटलांचे ओठ हलले आणि कुणीतरी भलताच माणूस खर्जात बोलला, "भाईजान, हमारे बेटी का लगीन है, तुम आना रे बाबा!"

कुणाला काही कळेना. म्हातारी पुढं वाकली, टीव्हीकडं बघितलं, मग लेकाकडं बघितलं.

"तोंड तुजं हाय," ती म्हणाली. "ह्यो बोलतोय कोन?"

खरे पाटील छताकडं बघत राहिले. पाटील उठले. रिमोट शोधून आवाज बंद करेपर्यंत प्रसंग संपून साबणाची जाहिरात लागली होती. तिथंच, त्या साबणाच्या बाईशेजारी उभं राहून त्यांनी आपलं वाक्य म्हणून दाखवलं, जसंच्या तसं. कुणाच्या पानात वाढायचो न्हाय, इथपर्यंत. म्हातारीनं ऐकलं आणि विचारलं, मग हे त्यात का न्हाय? पेढ्यांचा पुडा माझ्या हातातच राहिला.

मी सहायकाला फोन लावून झापलं. तो म्हणाला, चॅनेलला ते सलग वाटेना, चाचा एकदम शुद्धीवर आल्यासारखा बोलतोय म्हणाले, म्हणून डब केलं. काकांना सांगा, मनाला लावून घेऊ नका. हरामखोर! लावून घ्यायचं तर अजून कुठं लावायचं असतं?

पाटील पुन्हा शूटिंगला गेले नाहीत. सिरियलचं काय अडलं? पुण्याहून दुसरा नट आला, स्वभावानं भला माणूस. तीच दाढी मी त्याला चिकटवली, तीच टोपी घातली. चॅनेलनं आता सगळाच चाचा त्या खर्जातल्या आवाजात डब करायला घेतला होता. बारामतीत मी भेटेल त्याला विचारलं, चाचा बदललाय, लक्षात आलं का? एकाच्याही लक्षात आलं नव्हतं. दाढी होती, आवाज होता, लोकांचा चाचा जागेवर होता.

गाडीतही पाटलांचा आवाज येईनासा झाला. मशीनमधून तिकीट काढून देतात, निमगाव आलं की दांड्यावर टकटक करतात. कुणाची पिशवी सीटवर असली तर असू देतात.

जत्रेच्या तोंडावर मी शेळगावला गेलो, म्हटलं, नाटकाचं विचारून येऊ. मिशी पुन्हा भरून आली होती. मी विषय काढला. आत टीव्ही चालू होता. नवा चाचा कुणाची तरी माफी मागत होता. म्हातारी बराच वेळ त्याच्याकडं बघत होती, मग समाधानानं मागं टेकली.

"आता झ्याक झालं बग," ती म्हणाली. "आता तोंड आन आवाज एकाच मानसाचा वाटतुया."

"व्हय आई," पाटील म्हणाले. "आता जुळलं."

मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "जत्रंला दुसरा पाटील बग. मिशी तुज्या डब्यात हाईच."