रिग्मोरची मिशी

सोमवार ते गुरुवार माझ्या घरासमोरच्या पिवळ्या घरात माणसं रडायला येतात. तासाभराने नाक पुसत बाहेर पडतात आणि सायकलीवर बसून जातात. जूनच्या अखेरीला हीच माणसं खानावळीच्या हॉलमध्ये दाटीने बसलेली असतात, आणि त्यांना रडू देणारी रिग्मोर खोटी मिशी लावून त्यांना पोट दुखेपर्यंत हसवत असते.

रिग्मोर डाल्सगार्ड ही फ्योर्डच्या खाडीकाठी वसलेल्या आमच्या गावातली एकुलती एक मानसोपचारतज्ज्ञ. नवरा योर्गन नॉर्वेत पुलांच्या कामावर असतो. तिच्या नावावर गोष्टींची दोन पुस्तकं आहेत, रेडिओसाठी श्रुतिका लिहिते, आणि एकदा टीव्हीवर गादीच्या जाहिरातीत ती अशी काही घोरली की वर्षभर पेशंट दारातच विचारायचे, "झोप झाली का?" पण तिचा खरा जीव उन्हाळी रेव्ह्यूत, गाण्या-नकलांच्या त्या प्रयोगात. वर्षभरात गावात कोणी काय दिवे लावले, त्याची गाण्यांतून टर उडवायची हा आमचा जुना रिवाज. ज्याच्यावर गाणं, त्याने पुढच्या रांगेत बसून हसायचं, हाही रिवाजच. तो आला नाही तर गाव म्हणतं, लागलं बघा.

मी पियानो वाजवते. चाळीस वर्षं शाळेत गाणं शिकवलं, त्यामुळे निम्मं गाव मला अजून बाई म्हणतं. मला खोड एकच: दुसऱ्याच्या घरात काय चाललंय ते कळल्याशिवाय चैन पडत नाही.

"एवढं सगळं सुचतं कुठून गं तुला?" मी तालमीत हटकून विचारायची.

"चोरते."

"तुझ्या त्या खुर्चीत बसणाऱ्या पेशंटांचं?"

"त्या खुर्चीतलं एक अक्षरही नाही," ती म्हणायची, आणि मिशी चिकटवायला आरशाकडे वळायची.

यंदा झेंड्याचं गाणं होतं. आमच्याकडे अंगणातल्या काठीवर झेंडा चढला की घरात कोणाचा तरी वाढदिवस, हे सगळ्यांना कळतं. मग शेजाऱ्यांनी फुलं घेऊन जायचं, केक खायचा. गाण्यातल्या माणसाची बायको त्याला सोडून गेलीय. तिच्या वाढदिवशी झेंडा दिसला नाही तर बोभाटा होईल, म्हणून तो बिचारा झेंडा चढवतो, केक भाजतो आणि दारात आलेल्या शेजारणीला सांगतो, "ती अंघोळीला गेलीय." शेजारीण हटत नाही. केकचा मोठा तुकडा उचलते, मग दुसरा, आणि जाताना म्हणते, "आठवण काढली म्हणून सांगा हं!" पहिल्याच प्रयोगात त्या शेजारणीला मी इतकी हसले की दोन सूर चुकले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेकरीच्या रांगेत मी बोलून गेले, "अगं, तो एगॉनच की! एप्रिलमध्ये झेंडा होता त्याच्याकडे, पण लोने कुठे दिसली नाही."

एगॉन बोटींची इंजिनं दुरुस्त करतो. बायको लोने आईच्या आजारपणासाठी ऑलबोर्गला गेलीय, असं त्याने सांगितलं होतं आणि आम्ही ते खरं धरलं होतं. माझं वाक्य दुपारपर्यंत गावभर झालं. संध्याकाळी धक्क्यावर कोणीतरी ओरडलं म्हणे, "काय एगॉन, बायको अजून बाथरूममध्येच का?"

दर मंगळवारी चार वाजता एगॉनची सायकल रिग्मोरच्या कुंपणाला टेकलेली असते. त्या मंगळवारी ती नव्हती. रिग्मोर तासभर खिडकीत उभी राहिली, आणि इकडे मी माझ्या खिडकीत. शेवटी मला माझीच लाज वाटली आणि मी रस्ता ओलांडला.

"एगॉन तुझ्याकडे येतो, आणि आता त्याला वाटतंय..."

"माझ्याकडे कोण येतं ते मी बोलत नाही, टोव्हे."

"मग गाण्यातला माणूस तो नाही, एवढं तरी सांग गावाला."

"म्हणजे त्याचं नाव मीच घ्यायचं? आणि कोण विश्वास ठेवेल?"

"नाहीतर गाणंच काढून टाक."

"काढलं की त्याच्यावरच होतं असं ठरेल." तिने कॉफीचा कप बाजूला सरकवला. "आपलं दुःख हिने उचलून स्टेजवर नेलं असं ज्याला वाटेल ना, तो पुन्हा कोणापुढे तोंड उघडायचा नाही. माझ्यापुढे नाही आणि कोणापुढेच नाही."

"पण मग ते आहे तरी कोणाचं?" माझ्याच्याने राहवलं नाही.

तिने माझ्याकडे असं काही पाहिलं की मी मुकाट्याने कप विसळायला उठले.

शनिवारी दुपारच्या प्रयोगाला एगॉन आला. टाय बांधून, पुढच्या रांगेत, हसायची तयारी करून. चेहरा मात्र दाढ काढायला आल्यासारखा. झेंड्याच्या गाण्याची पाळी आली तशा लोकांच्या माना त्याच्याकडे वळल्या. मी सुरुवातीचे सूर वाजवले.

रिग्मोर आली ती मिशी न लावता. टोपीही नव्हती. सोमवार ते गुरुवार घालते तो राखाडी स्वेटर अंगात होता. चाल तीच, पण ती गायली, "नऊ ऑगस्टला मी झेंडा चढवते, योर्गन आत झोपलाय. रात्रीच्या बोटीने आला, फार थकलाय."

नऊ ऑगस्ट, योर्गनचा वाढदिवस. गेली चार वर्षं त्या दिवशी मी डेलियाची फुलं घेऊन समोर जाते. योर्गन रात्रीच्या बोटीने आलेला असतो, थकून झोपलेला असतो. मी पायरीवर बसून केक खाते, दोन तुकडे, आणि निघताना त्याची आठवण काढली म्हणून सांगायला सांगते.

माझे हात थांबले. रिग्मोर तशीच उभी, चेहरा उघडा, हात कुठे ठेवावेत ते तिला कळत नव्हतं. मला रडू फुटणार होतं.

तेवढ्यात पुढच्या रांगेतून खदाखदा हसण्याचा आवाज आला. एगॉन होता. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो एका हाताने टाय सैल करत होता.

"वाजवा की, बाई!" तो ओरडला. "ज्याच्यावर गाणं, त्याने हसायचं असतं!"

सगळा हॉल माझ्याकडे बघत होता. मी हसले. दुसरं करणार काय? वाजवायला लागले, आणि रिग्मोरने शेजारणीचं कडवं उचललं. केकच्या दुसऱ्या तुकड्याला तर छत कोसळतंय की काय असं वाटलं.

प्रयोगानंतर विंगेत मी तिला गाठलं. "चार वर्षं! तो सोडून गेलाय हे समोर राहून मला कळलं कसं नाही गं?"

"तू केक खात होतीस," रिग्मोर म्हणाली, आणि तिने मला घट्ट मिठी मारली.

पुढच्या मंगळवारी चार वाजायच्या आतच मी माझ्या खिडकीचा पडदा ओढून घेतला. कुंपणाला सायकल टेकल्याचा आवाज तेवढा ऐकू आला.